ग्रॅनाइट की क्वार्ट्झ? आधी खिशात लिंबू टाका

(ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये लटकत असाल, चालायला निघाला असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. भांडी घासणाऱ्यांनी तर आज जास्तच लक्ष द्या, कारण विषय तुमच्या समोरच आहे. स्वयंपाकघरातला ओटा.

"ओट्याला ग्रॅनाइट घेऊ की क्वार्ट्झ?" हा प्रश्न मला सतत येतो. कुणी पहिला फ्लॅट घेतलाय, कुणी गावाकडच्या घराचं किचन नव्याने करतंय, कुणाचे आईबाबा म्हणतायत "तूच बघ आता काय ते इंटरनेटवर." मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि काही वर्षं साइटवर काढली, त्यामुळे लोकांना वाटतं हा एका शब्दात उत्तर देईल. पण या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही, कारण तो उलट्या बाजूने विचारलेला आहे. दगड कोणता ते नंतर बघू. आधी सांगा, तुमच्या ओट्यावर दिवसभर काय काय सांडतं?

पडदे आवडले नाहीत तर बदलता येतात, सोफा विकता येतो. ओट्याचं तसं नाही. तो काढायचा म्हणजे फोडायचा, आणि फोडायचा म्हणजे सिंक, नळ, टाइल्स, ट्रॉल्या सगळ्यालाच हात लागतो. म्हणून वीस-पंचवीस वर्षांचा सोबती निवडतोय असं समजून निवडा.

ओट्यावर नेमकं काय होतं?

दुकानात स्लॅब उभी असते, चकचकीत, पाणी मारलेली. तिथे ती सुंदरच दिसते. घरी आली की तिला चार गोष्टी सोसाव्या लागतात.

पहिली, आंबट. लिंबू, चिंचेचा कोळ, आमसूल, टोमॅटो, ताक, कैरी. आपल्या घरात यातलं काहीतरी रोज ओट्यावर असतंच.

दुसरी, तेल आणि रंग. फोडणीचे शिंतोडे, लोणच्याच्या बरणीखालचं तेलाचं वर्तुळ, आणि हळद.

तिसरी, उष्णता. गॅसवरून उतरवलेली कढई, कुकर, पोळ्यांचा तवा.

चौथी, घाव. सुरी, खलबत्ता, पडलेला वरवंटा, आणि ओट्याच्या कडेवर आपटून नारळ फोडायची ती घरोघरची सवय.

आता प्रत्येक दगड या चौघांपैकी कुणापुढे टिकतो आणि कुणापुढे हरतो, एवढं कळलं की तुमचं निम्मं काम झालं.

दगडांची ओळख

सुरुवात आपल्या जुन्या ओळखीच्यापासून करू. कडप्पा. चाळीतल्या घरात, जुन्या सोसायट्यांत, आजीच्या किचनमध्ये तुम्ही हा काळसर, सपाट दगड पाहिलेला असणार. नाव पडलं आंध्रातल्या कडप्पा भागावरून. हा आहे चुनखडीचा दगड. आपली शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली, कोटा फरशी राजस्थानातली, आणि दोन्ही याच भावकीतल्या. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की रासायनिक क्रिया होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि दगडाचा वरचा थर विरघळतो. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाच्या फोडीचा जो पांढुरका ठसा दिसतो ना, तो वर बसलेला डाग नसतो. तिथला दगडच खाल्ला गेलेला असतो. म्हणून कितीही घासलंत तरी तो जात नाही. तेलाचा हात फिरवला की काळेपणा परत आल्यासारखा वाटतो, पण दोन-चार दिवसांनी ठसा पुन्हा डोकं वर काढतो.

दुसरा संगमरवर. याची गोष्ट म्हणजे कडप्प्याचीच गोष्ट, फक्त गोऱ्या रंगात. चुनखडी जमिनीखाली दाबली गेली, तापली आणि तिचे स्फटिक नव्याने जुळले, की तिचा संगमरवर होतो. ताजमहालाला लागलेला मकराण्याचा दगड याच जातीचा. दिसायला राजेशाही, पण कडकपणात कमी. दगडांचा कडकपणा मोजायला मोह्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली एक ते दहा अशी पट्टी बनवली. त्या पट्टीवर संगमरवरातलं खनिज तीनवर आहे आणि स्टीलची सुरी साधारण साडेपाचवर. म्हणजे सुरी जिंकणार. लिंबू तर जिंकणारच.

मग संगमरवरी पोळपाट कसा चालतो? चालतो, कारण कणीक आंबट नसते आणि लाटणं लाकडाचं असतं. दगड वाईट नसतो, त्याला कामाला चुकीच्या जागी लावलेलं असतं.

तिसरा ग्रॅनाइट. जमिनीखाली खोलवर तप्त रस अगदी सावकाश थंड झाला, त्यामुळे त्यात डोळ्यांना दिसतील एवढे मोठे स्फटिक तयार झाले. ते ठिपके म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजं. मोह्सच्या पट्टीवर ती सात आणि सहावर. म्हणजे सुरी इथे हरते. ग्रॅनाइट चिरला जात नाही, उलट सुरीचीच धार जाते. लिंबाचाही त्यावर सहसा काही परिणाम होत नाही.

इथे आपल्या सह्याद्रीची आठवण काढतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे तो बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तोही आगीतूनच आलेला, पण जमिनीवर येऊन लवकर थंड झाला म्हणून त्याचे कण बारीक राहिले. आपला पाटा-वरवंटा आणि जातं याच काळ्या दगडाचं. चिंच-मिरची वाटायला पूर्वीच्या लोकांनी मऊ चुनखडी न घेता हा दगड घेतला. कुणी त्यांना रसायनशास्त्र शिकवलं नव्हतं, अनुभवाने कळलं होतं.

ग्रॅनाइट आपल्याकडे येतो तो बहुतेक कर्नाटक, आंध्र, तेलंगणा, तामिळनाडू आणि राजस्थानातून. दुकानात 'ब्लॅक गॅलेक्सी' म्हणून चांदण्या विखुरल्यासारखा काळा दगड दाखवतात, तो आंध्रात प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीचा. 'टॅन ब्राउन' तेलंगणातल्या करीमनगर भागातला. आणि इरकल लुगडं माहितीय ना? त्याच इलकल गावाचा परिसर लाल ग्रॅनाइटसाठीही प्रसिद्ध आहे. एक बारीक गोष्ट सांगतो. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने ब्लॅक गॅलेक्सीसारखे काळे दगड ग्रॅनाइट नसतातच, ते गॅब्रोच्या कुळातले. पण बाजारात सगळ्यांना एकच नाव. आपल्याला फरक पडत नाही, कारण ओट्यासाठी हे काळे, घट्ट दगड उलट उत्तमच असतात.

चौथा क्वार्ट्झ. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. दुकानातला 'क्वार्ट्झ' हा खाणीतून अखंड निघालेला दगड नाही. क्वार्ट्झ खनिजाचा चुरा, साधारण ९० टक्क्यांच्या आसपास, आणि त्याला बांधणारं रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, यांचा दाबून केलेला तक्ता असतो. फायदे खरे आहेत. पाणी शोषत नाही, हळद-तेल आत मुरत नाही, पांढराशुभ्र मिळतो, सगळीकडे एकसारखा दिसतो. पण रेझिनला उष्णता सोसत नाही. गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवलीत तर पिवळा-तपकिरी चट्टा पडू शकतो आणि तो कायमचा. खिडकीतून रोज कडक ऊन पडत असेल तर पांढरा रंग हळूहळू पिवळसर होण्याची शक्यता असते.

आणि 'क्वार्टझाइट' हे आणखी वेगळं. तो नैसर्गिक दगड आहे, वाळूच्या खडकापासून बनलेला, भरपूर कडक. फक्त एवढंच, की कधी कधी त्या नावाखाली चक्क संगमरवर विकला जातो. म्हणून म्हणतो, नावावर जाऊ नका. दगडाला विचारा.

दगडाला विचारायचं कसं?

दुकानदाराकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. आवडलेल्या दगडाचा हाताएवढा तुकडा मागून घ्या. स्लॅबवर प्रयोग करू नका, तुकड्यावर करा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. जो काहीही केल्या तुकडा देत नाही, तिथून शांतपणे बाहेर पडा.

घरी आल्यावर पाच परीक्षा.

एक, लिंबू. पॉलिश केलेल्या बाजूवर दोन-चार थेंब टाका, वीस मिनिटांनी पुसा, उजेडात तिरका धरून बघा. चकाकी उतरलेली दिसली की समजा दगडात चुनखडी आहे, नाव काहीही असो. खात्री हवी तर रात्रभर फोड ठेवा.

दोन, पाणी. थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबा. खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो. पाणी पिणारा तेलही पिणार. असा दगड घ्यायचाच असेल तर सीलर लावावा लागेल हे धरून चला.

तीन, तेल आणि हळद. फोडणीचं चमचाभर तेल हळद घालून रात्रभर ठेवा. सकाळी साबणाने धुवा. जे उरलं ते तुमच्या ओट्याचं भविष्य.

चार, नेलपॉलिश रिमूव्हर. अ‍ॅसिटोनवालं घ्या, पांढऱ्या कापडावर थोडं ओतून काळ्या ग्रॅनाइटवर घासा. कापड काळं झालं तर दगडाला रंग चढवलेला आहे. फिकट ग्रॅनाइट रंगवून काळा म्हणून विकण्याचा प्रकार चालतो, आणि तो रंग पुढे ओट्यावरून उतरतो.

पाच, सुरी. तुकड्याच्या कोपऱ्यावर ओढून बघा. ओरखडा खोल गेला तर दगड मऊ. नुसती राखाडी रेघ उमटली आणि बोटाने पुसली गेली तर ती सुरीच्या धातूची, दगड ठीक आहे.

आता पूर्ण स्लॅब निवडताना तीन गोष्टी. ती उन्हात आणि कोरडी बघा, कारण ओल्या दगडात बारीक तडे लपतात. शंका आली की रेघेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तडा, नाही अडकलं तर ती बहुधा दगडातली नैसर्गिक शीर. मग बोटाच्या पेराने वाजवून बघा, माठ घेताना वाजवतो तसं. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर तिथे काहीतरी पोकळ आहे. आणि मागची बाजू बघा. मागे जाळी चिकटवलेली असेल तर दगडाला आधार द्यावा लागलाय एवढं समजा आणि कारण विचारा.

माप, वजन आणि बिल

जाडी स्वतः मोजा. बोलताना '२० मिलिमीटर' म्हणतात, पट्टी लावली की १६ ते १८ निघते, असं खूपदा होतं. पातळ दगड वाईटच असं नाही, पण पैसे २० चे आणि माल १६ चा नको.

हिशेब समजून घ्या. समजा एल आकाराचा ओटा आहे, एक बाजू आठ फूट, कोपरा वगळून दुसरी बाजू पाच फूट, खोली दोन फूट. म्हणजे १६ अधिक १०, एकूण २६ चौरस फूट. दगडाचा भाव चौरस फुटावर असतो, पण कडेचं मोल्डिंग, पुढची पट्टी आणि बसवण्याची मजुरी रनिंग फुटावर लावतात. सिंकचा आणि शेगडीचा कट वेगळा, वाहतूक वेगळी, स्लॅबचा उरलेला तुकडा कुणाचा हेही वेगळं. 'सगळं धरून किती?' असं विचारा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी भाव आणि शेवटचं बिल यांची क्वचितच गाठ पडते.

वजनही लक्षात घ्या. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतो. आपला २६ चौरस फुटांचा ओटा म्हणजे जवळपास १३० किलो, वर भांडी-मिक्सर वेगळे. म्हणून खाली कडप्प्याचे उभे आधार किंवा भक्कम चौकट लागते. नुसत्या ट्रॉलीच्या खोक्यावर दगड ठेवतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, वजन कुठे जाणार?

ओट्याची सगळ्यात कमजोर जागा सिंक आणि शेगडीच्या कटाभोवती असते. पुढे दोन-अडीच इंचांचीच पट्टी उरते. कटाचे कोपरे काटकोनात न ठेवता गोलसर ठेवायला सांगा, तडे कोपऱ्यातूनच सुरू होतात. आणि मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढायला ओट्यावर चढू नका. तुमचं ७० किलो वजन एका पायावर, नेमकं त्या पट्टीवर येतं. शिडी घ्या.

उंची किती? ठरलेला आकडा डोळे मिटून स्वीकारू नका. घरात सगळ्यात जास्त स्वयंपाक जो करतो त्याच्या कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा यावा. नाहीतर कंबर बोलायला लागते. मिस्त्रीला दोन गोष्टी आधीच सांगा, ओट्याला सिंककडे किंचित उतार हवा आणि पुढच्या कडेच्या खालून एक बारीक खाच हवी. सांडलेलं पाणी त्या खाचेशी अडून खाली टपकतं, ट्रॉलीच्या लाकडात शिरत नाही.

कापताना उडते ती धूळ

आता थोडं वेगळं बोलतो. हा भाग पुढे ढकलू नका.

काही महिन्यांपूर्वी आमच्याच इमारतीत एका घरी ओट्याचं काम चाललं होतं. जिन्यात कटर फिरत होता आणि दोन मजल्यांवर पांढरा थर बसला होता. कापणारा मुलगा एकवीस-बावीसचा असेल. तोंडाला रुमाल, कानात इअरफोन. लोक कटकट करत होते ती कपडे मळले म्हणून. धूळ त्याच्या आत जात होती.

त्या धुळीत स्फटिकरूपातली सिलिका असते. तिचे सगळ्यात घातक कण इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसतच नाहीत. रुमालातून ते आरपार जातात आणि फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात. तिथे फुफ्फुसावर व्रण धरत जातात, फुफ्फुस ताठर होतं, धाप लागायला लागते. याला सिलिकोसिस म्हणतात. तो टाळता येतो, पण झाला की पूर्ण बरा करणारं औषध नाही. आपल्या कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत तो आहे. खाणी आणि दगडकामाचं राज्य असलेल्या राजस्थानने २०१९ मध्ये या आजारासाठी वेगळं धोरणही आणलं.

दगडांमधला फरक इथेही आहे. संगमरवरात सिलिका अगदी कमी. ग्रॅनाइटमध्ये दगडानुसार कमी-जास्त, साधारण ४५ टक्क्यांपर्यंत. आणि कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झमध्ये ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियात ओट्यांचे तक्ते कापणाऱ्या तरुण कामगारांमध्ये हा आजार इतका आढळला की १ जुलै २०२४ पासून त्या देशाने असे कृत्रिम दगडाचे तक्ते बनवणं, विकणं, कापणं आणि बसवणं यावर बंदी घातली. भारतात तशी बंदी नाही.

घरात बसलेला ओटा तुम्हाला काही करत नाही. तो धूळ सोडत नाही, त्यावर पोळ्या लाटणं सुरक्षित आहे. धोका आहे तो कापताना आणि घासताना, आणि तो कापणाऱ्याला आहे. म्हणून गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात जे आहे ते करू या.

माप पक्कं द्या आणि सिंक, शेगडी, नळाची भोकं हे सगळे कट दुकानातच, पाण्याखाली कापून घ्या. त्यासाठी सिंक आणि शेगडी आधीच विकत घेऊन ठेवा. 'नंतर बघू' म्हटलं की कट घरी होतो, कोरडा. घरी कापावंच लागलं तर पाण्याची सोय असलेलं कटर मागवा. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतायचा जुगाड नको, शॉक बसू शकतो. रुमालाऐवजी एन-९५ मास्क द्या, दोन-चार जास्तीचे आणून ठेवा. घरातल्या लहानांना आणि म्हाताऱ्यांना त्या दिवशी लांब पाठवा. काम झाल्यावर धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि दुकानदाराने ओल्या कटिंगचे थोडे जास्त पैसे सांगितले तर त्यात घासाघीस करू नका. एखादा मोल्डिंगचा नक्षीदार प्रकार कमी करा, पण इथे नको.

रोजची निगा

ओटा बसला. आता त्याला सांभाळायचं कसं?

रोजच्यासाठी भांड्यांचा सौम्य साबण पाण्यात घालून मऊ फडकं, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. बस्स. तारेची घासणी नको, तिचे तुकडे राहतात आणि गंजतात. बाथरूमचं अ‍ॅसिड कुठल्याच ओट्यावर नको. आणि ब्लीच आणि अ‍ॅसिड तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

इंटरनेटवर 'व्हिनेगर आणि लिंबाने ओटा चमकवा' असे व्हिडिओ फिरतात. कडप्पा किंवा संगमरवर असेल तर तो ओटा चमकवण्याचा नाही, खरवडण्याचा उपाय आहे. नळाभोवती बोअरच्या पाण्याने जो पांढरा खर बसतो तोही कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे जे आम्ल खर खातं तेच आम्ल तुमचा संगमरवरही खातं. त्याला दोघांतला फरक कळत नाही. म्हणून तिथे पाणी साचू न देणं हाच उपाय. ग्रॅनाइटवर खर बसलाच तर ओलं साबणाचं फडकं थोडा वेळ ठेवा आणि जुन्या एटीएम कार्डाने खरवडा.

तेलाचा डाग आत मुरलाय? खायचा सोडा पाण्यात कालवून भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट लगदा करा, डागावर जाड थापा, वर प्लास्टिक टाकून कडा चिकटपट्टीने बंद करा. चोवीस तासांनी काढा. लगदा सुकताना तेल वर ओढून घेतो. एकदा नाही गेला तर दोन-तीनदा करा.

हळदीच्या डागावर सोडा किंवा साबण लावला आणि तो एकदम लाल झाला तर घाबरू नका. हळद अल्कलीत लाल होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. पाण्याने नीट पुसा, रंग परत पिवळ्याकडे येतो. आणि हळदीचा रंग उन्हात विरतो, त्यामुळे ओट्यावर ऊन येत असेल तर पुष्कळदा डाग आपोआप फिका पडतो.

सीलर हे फिकट आणि पाणी पिणाऱ्या दगडासाठी. दर सहा महिन्यांनी पाण्याच्या थेंबाची परीक्षा घ्या. थेंब मोत्यासारखा टिकला तर काही करू नका, पसरून दगड गडद झाला तर पुन्हा लावा. सीलर लावला म्हणजे लिंबाची भीती संपली असं मात्र नाही. तो डाग मुरू देत नाही, चुनखडीला आम्लापासून वाचवत नाही.

बाकी जुन्या सवयीच चांगल्या. गरम भांड्याखाली चुंबळ किंवा जाळी ठेवा, ग्रॅनाइट असला तरी, कारण आत एखादा बारीक तडा असेल तर तो उष्णतेने उघडू शकतो. चिरायला लाकडी पाट घ्या. लोणच्याच्या बरणीखाली बशी. आणि नारळ हातात धरून कोयत्याच्या बोथट बाजूने फोडा, ओट्याच्या कडेवर नाही.

मग घ्यायचा कोणता?

रोज दोन वेळचा आंबट-तिखट स्वयंपाक, घाईगडबड, चार जणांचे हात लागणार? मग घट्ट, गडद रंगाचा ग्रॅनाइट. फार विचार करू नका.

पांढराच हवा, स्वयंपाक बेताचा, गरम भांडं थेट न ठेवण्याची शिस्त सगळ्यांना आहे? मग क्वार्ट्झ चालेल, पण सगळे कट दुकानात आणि पाण्याखाली.

बजेट कमी आहे? कडप्पा घ्या, त्यात कमीपणा नाही. लिंबाचे ठसे पडतील, ते त्याच्या वयाचे समजा. बाल्कनीतल्या धुण्याच्या जागेला, फडताळांना तो उत्तमच.

संगमरवर देवघराला आणि पोळपाटाला. ओट्याला घ्यायचाच असेल तर ठशांसकट आवडून घ्या.

आणि भाड्याने राहणाऱ्यांसाठी, कारण आपले निम्मे श्रोते तेच आहेत. दगड निवडणं तुमच्या हातात नाही, पण डिपॉझिट आहे. राहायला गेल्या दिवशी ओटा पुसून मोबाइलवर फोटो काढा. तडे, ठसे, सिंकच्या कडा, सगळं. तेव्हाच घरमालकाला पाठवून ठेवा. घर सोडताना 'हे आधी नव्हतं' हा वाद होणार नाही. आणि ओटा कोणत्या दगडाचा आहे ते कळलं नाही तर सिंकमागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पाण्याचा एक थेंब टाकून बघा. लिंबाची परीक्षा मात्र दुसऱ्याच्या दगडावर नको!

तुमच्या घरी कोणता दगड आहे आणि तो किती वर्षांचा आहे, ते नक्की लिहून कळवा. काम काढणार असाल तर हा भाग घरच्यांना आणि आपल्या मिस्त्रीलाही पाठवा, धुळीचा भाग तर नक्कीच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ताटं उचला, ओटा पुसा आणि मगच झोपा.